पडद्याची दोरी आणि तिसरी जागा

मृत्युपत्र लिहून ठेवणार: फ्रिडहेल्म युंगब्लूट, वय एकोणऐंशी, धंदा छपरे शाकारणे (आता बंद), पंथाने प्रॉटेस्टंट, राहणार हाझेलरोट, चर्चच्या उत्तर भिंतीला लागून असलेले घर. सुरुवात सोमवार, दहा मार्च दोन हजार चौदा.

माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून फेब्रुवारीतच आहे हेही दाखवून दिले. मला कोणी दमदाटी केलेली नाही, दारू पाजलेली नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली आणि त्यातली निम्मी वर्षे युद्धाने खाल्ली. तेव्हा या लिखाणात चुका सापडल्या तर त्या चुकाच समजाव्यात, वेडाची लक्षणे समजू नयेत. कायद्याप्रमाणे सगळे स्वतःच्या हाताने लिहिलेले असले की साक्षीदार लागत नाहीत. मी तरी दोन घेणार आहे, एक आमचा आणि एक कॅथलिकांचा. एकच घेतला तर दुसरी बाजू पन्नास वर्षे बोलत राहील.

हे मृत्युपत्र घर कोणाला आणि हातोडा कोणाला एवढ्यासाठी मी लिहीत नाही. मी मेलो की आमच्या चर्चमधली एक जागा रिकामी होईल, आणि तेवढ्या एका जागेपायी चर्च बंद पडेल. ही काळजी मला झोपू देत नाही, म्हणून लिहीत आहे.

हे कागद न्यायालयातले साहेब उघडतील. ते हाझेलरोटचे नसणार, म्हणून एकदाच सांगतो. आमच्या गावात चर्च एक आणि पंथ दोन. फ्रेंच फौजा गाव जाळून गेल्या तेव्हा दोन चर्चे बांधायला कोणाकडे काही उरले नव्हते. एकच बांधले, आणि सतराशे सहा साली करार केला. उपासनेच्या वेळा वेगळ्या, दानपेट्या वेगळ्या, झाडूसुद्धा वेगळे. छपराचा उत्तर उतार आमचा, दक्षिण उतार कॅथलिकांचा. कराराच्या नवव्या कलमात असे आहे की प्रत्येक पक्षाने आपल्या नेमलेल्या उपासनेला, घंटा थांबायच्या आत, तीन चुलींची तीन जाणती माणसे बाकांवर बसवावीत. एकदा जरी कमी भरली, तर त्या पक्षाचा हक्क संपला आणि सगळे चर्च दुसऱ्याचे झाले. मोजायला दुसऱ्या पक्षाचा माणूस दारात उभा राहतो.

तीनशे आठ वर्षांत एकदाही कमी भरलेली नाहीत. आमच्याकडे तापाने फणफणलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये नेलेले आहे. माझ्या आजोबांना बर्फात लाकडाच्या घसरगाडीवरून नेले होते. आम्ही फार भक्त होतो असे कोणी समजू नये. चर्च त्यांच्या हाती जाऊ नये म्हणून आम्ही जात होतो, आणि आमच्या हाती जाऊ नये म्हणून ते. आजूबाजूच्या गावांत चर्चे ओस पडली तेव्हा आमचे भरत होते ते या कारणाने. देवाला हे माहीत असावे, आणि त्याने ते चालवून घेतले असावे.

आता गावात धूर निघणारी घरे एकोणीस. त्यातली तेरा सुट्टीवाल्यांची. पहिला रविवार आमचा, तिसरा त्यांचा. आमच्या तीन चुली म्हणजे पाणचक्कीवाल्या कुन्झची विधवा आडेलहाइट, निवृत्त शिक्षक एमेरिश मास्तर, आणि मी. मास्तरांची बायको मोजणीत येत नाही, कारण चूल एकच. कॅथलिकांच्या चार. त्यांचे बरे आहे.

कलम पहिले, घर. घर, परसातले बेदाण्याचे वेल आणि तळघर माझी मुलगी इर्मट्राउट हिला. अट कलम पाचव्यात. माझी थोरली बहीण ओटिली, वय ब्याऐंशी, नवरा वारल्यापासून माझ्याच घरी आहे. तिला खालची चर्चच्या बाजूची खोली आणि स्वयंपाकघराचा अर्धा वापर हयातभर. तिला कोणी हलवू नये. हलवून बघावेच कोणी.

कलम दुसरे, हत्यारे. छपरावर बसवायचा पाटीचा दगड तासायचा हातोडा, त्याखाली धरायची वाकडी ऐरण, शिड्या दोन, दोरखंड एक, छपरावर बसायची लाकडी पाळणी. हे सगळे ब्रुनो पाउली याला. ब्रुनो कॅथलिक आहे आणि तोही छपरे शाकारीत असे. दक्षिण उतार त्याचा. एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या वादळात पाणी माझ्या उतारातून शिरले आणि पाद्र्याला पापे सांगायच्या त्यांच्या लाकडी खोक्यावर गळले. ब्रुनो म्हणाला, पाणी ज्याच्या उतारातून शिरले त्याने भरपाई द्यावी. मी म्हणालो, ज्याचे भिजले त्याने खोके सरकवावे. आम्ही सहा वर्षे बोललो नाही. दोघे एकाच छपरावर दोन बाजूंनी चढायचो, माथ्यावर समोरासमोर यायचो, टोपी काढायचो आणि उतरायचो. आज लिहितो की चूक माझी होती. तिथली एक पाटी मी सैल ठेवली होती. हे त्याने मी मेल्यावरच वाचावे.

कलम तिसरे, अक्रोडाच्या लाकडाचे कपाट. हे कपाट मी कोणाला देऊ शकत नाही, कारण ते माझे नाही. आमच्या गावात तिसरे एक कुटुंब होते, जे आमच्या उपासनेला बसत नसे आणि कॅथलिकांच्याही नसे. ते म्हणजे गुरांचे ज्यू व्यापारी बेअरमान. त्यांचा शनिवार होता. एकोणीसशे बेचाळीसच्या वसंतात त्यांना नेले. मग त्यांचे सामान अंगणात मांडून लिलाव झाला. आमचे लोक आले होते, त्यांचेही आले होते. दर, रांग, गाडी, कशावरून भांडण झाले नाही. इतके एकमत माझ्या गावात मी पुन्हा कधी पाहिले नाही. माझ्या वडिलांनी कपाट घेतले. मी सात वर्षांचा होतो आणि एक फळी उचलून चालत होतो, आणि मला आपण मोठे झालो असे वाटत होते. कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत. शेवटची रेघ माझ्या खांद्याएवढी होती. वडिलांनी त्या पुसल्या नाहीत. कपाट उघडताना त्यांनी त्यांच्याकडे कधी पाहिलेही नाही. इर्मट्राउटने बेअरमानांचे कोणी कुठे उरले असेल तर शोधावे. मी दोन पत्रे पाठवली, पत्ते चुकीचे निघाले. कोणी सापडले नाही तर कपाट चर्चमध्ये मधल्या वाटेत ठेवावे, दोन्ही बाजूंना अडचण होईल असे. विकू नये.

कलम चौथे, पडदा. प्रॉटेस्टंट उपासनेच्या वेळी कॅथलिकांची मोठी वेदी आणि मरियेची मूर्ती दिसू नये म्हणून हिरवा पडदा आहे. तो ओढायचे आणि सारायचे काम युंगब्लूट घराण्याकडे आहे, कारण आमचे घर मिश्र. मिश्र लग्नात मुलगे बापाच्या पंथाचे, मुली आईच्या, असा गावचा रिवाज. बाप प्रॉटेस्टंट म्हणून मी प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक म्हणून ओटिली कॅथलिक. दोन्ही बाजूंना असा माणूस पाहिजे होता ज्याच्यावर दोघांचा सारखाच अविश्वास असेल.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात चर्चमध्ये शहरातून पळून आलेली माणसे झोपत होती. पडदा कापून त्यांची पांघरुणे केली. चार महिने पडदा नव्हता. आमच्या उपासनेत मरिया आमच्याकडे सरळ बघत होती आणि काही झाले नाही. मग गावाने धीर सोडला. वडिलांनी आणि कॅथलिकांच्या पाद्र्यांनी मिळून कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि त्यावर दोन्हीकडच्या चादरी टांगल्या. त्यात माझ्या आईबापांच्या बिछान्यातली चादर होती, कोपऱ्यात दोघांची नावे विणलेली. आई महिनाभर मान वर करून चालली नाही.

कॅथलिकांचे आताचे पाद्री केरळातून आले आहेत. पडदा पाहून त्यांना मुळीच नवल वाटले नाही. म्हणाले, "आमच्याकडे एकाच रस्त्यावरून दोन देवांच्या मिरवणुका जातात. फक्त वेळ चुकवायची नाही." आमच्या पाद्रीबाई नऊ गावे सांभाळतात, त्यांना प्रत्येक वेळी पडदा कुठल्या बाजूने उघडतो ते सांगावे लागते.

दोरी माझ्यानंतर एमेरिश मास्तरांकडे जावी. ओटिलीने दोरीला हात लावू नये. ती मुद्दाम फट ठेवील.

कलम पाचवे, तिसरी जागा. हे सगळ्यात महत्त्वाचे. जानेवारीत ओटिलीने बिशपच्या कचेरीतून आलेले पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवले. ती त्यांच्या पंचांत आहे.

"घे, वाच," ती म्हणाली. "तुमची एक जागा रिकामी झाली की सगळं आमचं. ब्रुनोला म्हणे आता दर महिन्याला आकडा कळवायचाय."

"मग मिरवा."

"मिरवते ना. पण आधी खालचं वाच."

खाली लिहिले होते की इमारत पूर्णपणे ताब्यात आल्यानंतर तिच्या अन्य वापराचा विचार करण्यात येईल.

"अन्य वापर म्हणजे काय गं?"

"म्हणजे कोब्लेन्झचा एक माणूस सुट्टीचं घर शोधतोय. घंटेच्या खोलीत न्हाणीघर काढणार आहे."

"आणि तुम्ही लोक?"

"आम्हाला मोटारीनं पुढच्या गावी नेणार. गुबगुबीत खुर्च्या आहेत म्हणे तिथं."

जोवर हक्क दोघांचा आहे तोवर एकाला विकता येत नाही. एकाचा झाला की दोघांचे गेले.

"मग तू मरू नकोस म्हणजे झालं," ओटिली म्हणाली.

"मी काय हौसेने मरणार आहे?"

"तुझं काही सांगता येत नाही. आई आजारी पडली तेव्हा तू तिच्याआधी अंथरूण धरलंस."

म्हणून मी ठरवले की घर इर्मट्राउटला द्यायचे ते याच अटीवर, की तिने गावात चूल पेटती ठेवावी आणि दर पहिल्या रविवारी माझ्या जागेवर बसावे. तिला श्टुटगार्टला फोन केला. शब्दशः लिहितो, म्हणजे पुढे कोणी तिला दोष देणार नाही.

"बाबा, मी चर्चमधून नाव काढलंय."

"कधी?"

"दोन हजार एक साली. नोंदणी कचेरीत जाऊन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही छपरावरून पडला असतात."

मी म्हणालो की नाव परत घालता येते. ती म्हणाली, "घरासाठी बसायचं, देवासाठी नाही. तुम्हाला चालेल असं?"

मी म्हणालो की करारात देवाचे नाव फक्त मथळ्यात आहे.

ती हसली, पण रडल्यासारखी. "मला चालणार नाही, बाबा. तुम्ही मला खोटं बसायला शिकवलं नाहीत. घर राहू द्या."

हे मी तिला शिकवले होते हे मला आठवत नाही. आठवले असते तर थोडे कमी शिकवले असते.

आडेलहाइट कुन्झने एक भाडेकरू सुचवला. तो कोणत्याच पंथाचा नाही आणि रविवारी सायकल चालवतो. मास्तरांनी करार फिरवून लिहावा म्हटले, पण त्याला दोन बिशपांच्या तोडीच्या सह्या लागतात आणि त्यांना काय घाई. मी सात आठवडे विचार केला. कलम पाचवे कोरे सोडतो. खाली जागा ठेवली आहे.

कलम सहावे, जुने राग. ओटिलीवर माझा राग आहे तो एकोणीसशे एकसष्ट सालच्या गुड फ्रायडेचा. आमच्या पंथाचा तो सगळ्यात गंभीर दिवस. आम्ही आत गुपचूप बसलेलो, आणि ती बाहेर परसात दोरीवर गालिचा टाकून धपाधप झोडपत होती. एकेक धपका प्रवचनातल्या विरामात बसत होता. त्याच वर्षी त्यांच्या ख्रिस्तदेहाच्या सणाला, मिरवणूक निघायच्या आधी, मी रस्त्याकडेच्या आमच्या तुकड्यात शेणखत पसरले. ओटिली पांढऱ्या झग्यात होती, हातात फुलांची परडी. नाक न दाबता ती पुढून गेली. माझा राग मी माफ करतो. तिने तिचा करावा अशी सक्ती नाही.

बँकेत जे आहे ते माझ्या पुरण्याला आणि उत्तर उताराला. गाणी तीनच म्हणावीत, चौथ्याला लोक आवाज खाली आणतात.

येथपर्यंत तीस एप्रिल. पुढचे पाच मे रोजी लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे ते तापामुळे, विचारामुळे नव्हे.

ईस्टरनंतर मी उत्तर उतार बघायला शिडीवर चढलो आणि भिजलो. शनिवारी, तीन मेला, छातीत कफ भरला. रविवार आमचा होता. मी ओटिलीला सांगितले की सकाळी मास्तरांना आणि ब्रुनोला बोलाव, मला खुर्चीवरून न्या.

"बरं," ती म्हणाली. इतक्या सहज तिने आजवर कशाला बरं म्हटलेले नाही. तेव्हाच मला कळायला हवे होते.

सकाळी तिने दूध दिले, चूल पेटवली, आपला काळा कोट घातला आणि दाराला बाहेरून कडी लावली. मी ओरडलो. उठायला गेलो तर पाय अंगाखाली नव्हते. तिच्याच खोलीत मला निजवले होते, कारण तिथे ऊब असते. त्या खोलीची भिंत म्हणजे चर्चची भिंत.

घंटा आता विजेवर आहे आणि बरोबर सात मिनिटे वाजते. ही सात मिनिटे मी कशी काढली ते न्यायालयात लिहिण्यासारखे नाही. मला आडेलहाइट दिसत होती, मास्तर दिसत होते, आणि तिसऱ्या जागेवर माझी नुसती उशी. तीनशे आठ वर्षे माझ्या छातीवर बसली होती आणि मी खोकत होतो. घंटा थांबली. मी वाट पाहिली की आता ब्रुनो आत जाऊन मोठ्याने जाहीर करील. करारात तसे आहे. बराच वेळ काही नाही. मग बाजा सुरू झाला आणि गाणे भिंतीतून आले.

दोन आवाज ओळखीचे होते. तिसरा आवाज चुकीच्या चालीत गात होता. त्या गाण्याची कॅथलिकांकडे चाल थोडी वेगळी आहे, दुसऱ्या ओळीत वर चढते. आमच्याकडे ती चढत नाही. तो आवाज दुसऱ्या ओळीत एकटाच वर गेला आणि खाली यायला तयार नव्हता. तो मी जन्मापासून ऐकत आलो आहे.

पुढचे मला दुपारी ब्रुनोने सांगितले. तो आणि मास्तर माझ्या पायाशी बसले होते. ब्रुनो दारात मोजायला उभा होता. घंटा चालू असताना ओटिली पायऱ्या चढून आली.

"ओटिली, तुझा रविवार दोन आठवड्यांनी," ब्रुनो म्हणाला.

"वार कळतात मला. बाजूला हो."

"आत कशाला?"

"बसायला. बाकं बसायलाच असतात ना, की नुसती मोजायला?"

"अगं, पण तू आमची."

"मी युंगब्लूटांच्या चुलीची. आत्ता पेटवून आलेय, हात बघ, काजळी आहे. तू तुझं काम कर. मोज."

ती सरळ पुढे गेली. पडदा उघडाच होता, कारण ओढणारा मी, आणि मी कडीच्या आत. तिने दोरी धरली आणि आपल्या वेदीवर, आपल्या मरियेवर पडदा ओढला. मास्तर सांगतात की फट राहिली नाही. मग ती माझ्या जागेवर बसली. पाद्रीबाईंना वाटले की ही रीतच आहे.

ब्रुनो करार मागायला आत आला. मास्तरांच्या खिशात नक्कल असतेच. दोघांनी वाटेत उभे राहून नववे कलम दोनदा वाचले.

"तीन चुलींची तीन जाणती माणसं," मास्तर म्हणाले. "कुठल्या पंथाची, ते लिहिलेलंच नाहीये, ब्रुनो."

लिहिणाऱ्यांना ते सुचलेच नसणार. बाकावर गाय बसू नये असेही करारात लिहिलेले नाही. तीनशे आठ वर्षे आम्ही घसरगाड्या ओढल्या, तापकऱ्यांना उचलले, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला बस म्हणायचे कोणाला सुचले नाही. मलाही नाही. ती माझ्या समोर बसून सूप पीत होती.

मी ब्रुनोला विचारले, "मग कचेरीला आकडा काय कळवणार?"

"तीन," तो म्हणाला. "खोटं मी कधी लिहिलं नाही. तीन होती, तीन लिहिणार. एक खोकली, तेही लिहू का?"

ते गेल्यावर ओटिली आली आणि माझ्या पांघरुणावर हे कागद टाकले. ब्रेडच्या डब्याखाली ठेवलेले तिला सापडले होते.

"वाचलं," ती म्हणाली. "फट ठेवीन म्हणे. खोड ते."

मी खोडले. वर रेघ दिसेल, ती माझीच आहे. दोरी ओटिलीला.

"आणि कपाटाचं बरं लिहिलंयस," ती म्हणाली. मग खिडकीकडे गेली. "मीही गेले होते लिलावाला. आईनं आणि मी दोन बशा आणल्या. मी त्यांत कधी जेवले नाही. त्याही लिही."

लिहिल्या. निळ्या काठाच्या दोन बशा, कपाटाबरोबर.

"उपासना कशी वाटली?" मी विचारले.

"प्रवचन लांब. आणि तुम्ही लोक बसूनच राहता. पाठ आखडली माझी." ती खुर्चीवर टेकली. "दर महिन्याला येईन. तू असलास तरी आणि नसलास तरी. पण माझं एक काम करायचं."

"काय?"

"मी आधी गेले तर आमच्या बाकावर तू बसायचं."

मी म्हणालो, तुमच्या चार चुली आहेत, माझी काय गरज.

"तीन," ती म्हणाली. "कार्ल पाउलीची चूल बारा वर्षांपूर्वीच विझली. तो भावाकडे, ब्रुनोकडे जेवतो. तो, ब्रुनो, मी आणि बेकरीणबाई. डोकी चार, चुली तीन."

"ब्रुनोने कधी सांगितलं नाही!"

"तुम्हाला कशाला सांगेल? तुम्ही खुशाल झोपला असतात."

मी छपरे शाकारणारा माणूस. कार्लच्या धुराड्यावर बारा वर्षे कावळे घरटे करत आहेत हे मी रोज पाहत होतो, आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. मी इकडे भिंतीशी जागा होतो आणि ती तिकडे. दोघांची काळजी एकच, आणि दोघे एकमेकांना कळू देत नव्हतो.

तेव्हा कलम पाचवे असे: घर ओटिलीला हयातभर, पूर्ण, चुलीसकट. तिच्यामागे इर्मट्राउटला, बिनअट. बसायचे की नाही ते तिने ठरवावे. खोटे बसू नये.

आणि कलम सातवे. मास्तर म्हणतात की मेल्यानंतरच्या कागदात जिवंतपणीचे वचन घालता येत नाही, कायद्यात त्याला काही किंमत नाही. ओटिली म्हणते की तिला आहे. म्हणून घालतो. ओटिली माझ्याआधी गेली तर दर तिसऱ्या रविवारी, घंटा थांबायच्या आत, मी फ्रिडहेल्म युंगब्लूट, दक्षिणेकडच्या बाकावर तिच्या जागी बसेन. पडदा उघडून बसेन. गाणी त्यांच्या चालीत म्हणेन, जमेल तेवढी. गुडघे मात्र टेकणार नाही. त्याला डॉक्टरांची मनाई आहे, पंथाची नाही.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि ओटिलीने माझ्याआधीच वाचले.

स्थळ: हाझेलरोट
सोमवार, पाच मे दोन हजार चौदा

सही: फ्रिडहेल्म युंगब्लूट

साक्षीदार, उत्तर बाजू: एमेरिश थाइस, निवृत्त शिक्षक. शुद्धलेखनाच्या चुका अकरा, अर्थ स्पष्ट.

साक्षीदार, दक्षिण बाजू: ब्रुनो पाउली. कलम दुसरे सही करताना वाचले. ती सैल पाटी मी त्याच वर्षी पाहिली होती, आणि बोललो नव्हतो.